करदोट्यात ओवलेल्या प्लेटा

१

क्लच उघडायचा म्हटलं की आमच्याकडे आधी तार लागते. प्लेटा ज्या क्रमानं निघतील त्याच क्रमानं तारेत ओवायच्या, तार खिळ्याला टांगायची, आणि बसवताना उलट्या बाजूनं एकेक काढायची. एक लोखंडी, एक बुचाची, एक लोखंडी, एक बुचाची. जुन्या बुलेटच्या प्लेटांना बुचाच्या गोल चकत्या बसवलेल्या असतात, बाटलीला असतं तेच बूच. वर्षानुवर्षं एकमेकींवर घासून त्या प्लेटा एकमेकींच्या सवयीच्या झालेल्या असतात. क्रम मोडला तर क्लच घसरतो, असं ह्यांचं म्हणणं.

हे म्हणजे माझा नवरा, भगवान. कोन गावात हायवेच्या आतल्या बाजूला आमचं गॅरेज आहे. पुढे गॅरेज, मागे आमची खोली, मधल्या भिंतीला एक खिडकी. मी सातवीपर्यंत शिकलेय, पण प्लेटा धुवायचं आणि ओवायचं काम माझंच, कारण ह्यांच्या हाताला घाई फार. खिडकीतून गोदूचा पाळणा दिसतो, म्हणून मलाही ते बरं पडतं. गोदू म्हणजे माझी मुलगी, अकरा महिन्यांची.

त्या दिवशी ६८ सालची बुलेट उघडली होती. खारघरचे निनादसाहेब, कंपनीत मोठे नोकरदार. त्यांचे आजोबा काशिराम उलव्याचे, त्यांची ही गाडी. घर विमानतळाच्या जागेत गेलं तेव्हा पडवीतून गाडी टेंपोत घातली आणि आमच्याकडे आणून सोडली. वीस वर्षं तिचा क्लच कुणी दाबला नव्हता. साहेबांच्या मुलाचा पहिला वाढदिवस जवळ आला होता. "त्या दिवशी मी ही घरी चालवत नेणार," ते म्हणाले होते, "काही करा."

प्लेटा एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. ह्यांनी पातळ पातं घालून एकेक सोडवली आणि माझ्याकडे दिली. मी रॉकेलमध्ये धुतली आणि तारेकडे हात केला. तार नव्हती.

"अहो, तार कुठंय?"

"असंल तितंच. भामे, आता तार नको शोधू, कायपन घे."

माझ्या गाऊनच्या खिशात गोदूचा जुना करदोटा होता. सकाळीच तिला नवा घातला होता. जुना कमरेत रुतायला लागला होता, कापून काढावा लागला. जुना करदोटा इकडेतिकडे टाकत नाहीत, गाढी नदीत सोडतात. जायला जमलं नव्हतं म्हणून खिशात राहिला होता. चांगला सहा पदरी, काळा, माझ्या हातचा विणलेला.

मी त्याच्यात प्लेटा ओवल्या. आठ प्लेटा, वर गाठ. बुचाला तेल प्यायला लागतं, म्हणून ती सगळी माळ तशीच तेलाच्या डब्यात सोडून दिली. दुसऱ्या दिवशी प्लेटा बसल्यावर करदोटा पिळून घेतला आणि संध्याकाळी नदीत सोडून आले. तेलाचा रंगीत तवंग पाण्यावर थोडा वेळ दिसला, मग गेला.

२

क्लचचं काम मी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. डाव्या हाताची लिव्हर दाबली की प्लेटा एकमेकींपासून सुटतात. इंजिन आपलं चालूच राहतं, पण चाकाला त्याचं काही पोचत नाही. लिव्हर सोडली की प्लेटा पुन्हा धरतात.

केबल जोडून हे लिव्हर दाबून बघत होते. गोदू पाळण्यात रडत होती. भूक लागल्याचं रडणं, मोठ्यानं, एका सुरात. मी हात धूत होते. रडणं थांबलं. मग सुरू झालं, जिथं तुटलं होतं तिथूनच. पुन्हा थांबलं.

लेकरं दमली की थांबतात. पण ती श्वास घेतात, हुंदका देतात, काहीतरी आवाज करतात. इथं काहीच नव्हतं. रेडिओचं बटण फिरवावं तसं.

मी खिडकीशी गेले. गोदूचं तोंड उघडं होतं, जीभ दिसत होती, डोळे माझ्यावर होते. आवाज नाही. पोट हलत नव्हतं. माझ्या पाठीमागे ह्यांनी लिव्हर सोडली, टक् असा आवाज आला, आणि गोदू रडायला लागली.

"मस्त सुटतोय," हे म्हणाले. "वीस वरसं निजलेला म्हातारा, पन बघ कसा सुटतोय."

मी तिला उचलून छातीशी धरलं. योगायोग असेल, असं मनाशी म्हटलं. दिवसभर तेच म्हणत राहिले.

३

अंगणवाडीत वजनाचा दिवस होता. दमयंतीताईंनी गोदूला झोळीत टांगलं, काट्याकडे बघितलं, वहीकडे बघितलं, पुन्हा काट्याकडे बघितलं.

"मागच्या महिन्यात आठ होतं ना गं हिचं? आता सात पण भरत नाही."

"खाते तर नीट, ताई. अंगावर पण पिते."

"मग दात येत असतील. होतं असं. एवढं तोंड पाडू नकोस."

घरी येऊन मी नवा करदोटा बघितला. पाच दिवसांपूर्वी दोन बोटं जातील एवढा सैल ठेवला होता. आता पूर्ण मूठ जात होती. उभं धरलं तर तो कमरेवरून घसरून मांडीवर आला.

त्याच दुपारी ह्यांनी क्लच पुन्हा खोलला. तीन स्प्रिंगांवर जे झाकण बसतं ते तिरकं उचलत होतं, नट सारखे करायचे होते. खोललंच आहे तर माप घेऊ म्हणून बुचाच्या प्लेटेला व्हर्नियर लावला. प्लेट किती झिजली ते त्याच्यावर कळतं. ह्यांनी दोनदा लावला आणि हसायला लागले.

"पयल्यापेक्षा जाड भरतेय. पार झिजलेली होती ही. भामे, हात गुणाचा हाय तुजा."

"जाड कशी होईल?"

"तेल पिऊन फुगलं बूच. तुला काय कळतंय."

बूच फुगतं, हे खरं आहे. मीही बघितलंय. मी प्लेट हातात घेतली. बुचाच्या चकत्या मी कैक वेळा दाबल्यात, त्या कडक असतात, नख लागत नाही. ही दबली. अंगठा काढला तर पांढरा डाग राहिला, आणि मग तो हळूहळू गुलाबी झाला. चकतीच्या मधोमध एक वळ होता. बारीक, सहा पदरांचा, काळपट. करदोटा रुतल्यावर कातडीवर उमटतो तसा.

"द्यायचंय का आज?" हे म्हणाले. मी प्लेट दिली.

४

दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी हे जेवत असताना गोदूला कडेवर घेऊन गाडीजवळ गेले. ती हँडलला हात लावून खिदळत होती. मी लिव्हर दाबली.

तिचा हात हँडलवर तसाच राहिला. हसू तोंडावर तसंच राहिलं. नाकापुढं बोट धरलं, वारा नव्हता. छातीला कान लावला.

मी लिव्हर सोडली आणि ती पुढचं हसली.

गोदूला पाळण्यात ठेवून मी ह्यांना सगळं सांगितलं. करदोट्याचं, वळाचं, वजनाचं. हे ताटावरून उठले नाहीत.

"तुजं डोकं फिरलंय. बाळंतपनापासून असंच चाललंय तुजं. पयले पाळन्यात साप दिसायचा, आता क्लच."

साप मला दिसला नव्हता. दिसेल अशी भीती वाटली होती. पण ते सांगून उपयोग नव्हता.

"तुम्ही स्वतः बघा ना एकदा. तिच्याकडे बघून दाबा."

हे हात न धुता उठले आणि गाडीकडे गेले. खिडकीतून पाळणा दिसत होता. ह्यांनी लिव्हर आवळली आणि माझ्याकडे बघत राहिले.

"हे बग. दाबली. काय झालं? बोल. झालं काय?"

"तिच्याकडे बघा!"

"तूच बग. वेडी. सगल्या गावाला सांगत फिर, माजा नवरा क्लच दाबून पोर मारतो."

ह्यांना माझ्या तोंडाची चीड आली होती, म्हणून सोडत नव्हते. माझ्याकडेच बघत होते. खिडकीत गोदूचे ओठ आधी पांढरे झाले, मग जांभळे. मी ह्यांच्या मनगटाला चावले. रक्त येईपर्यंत चावले तेव्हा लिव्हर सुटली.

गोदू किंचाळली. तेव्हा हे वळले. तिचे ओठ ह्यांनीही बघितले, कारण दवाखान्यात नेताना रिक्षात एक शब्द बोलले नाहीत. पनवेलच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, काही मुलं रागानं, भीतीनं श्वास धरून ठेवतात, घरात आरडाओरडा करू नका.

येताना ह्यांना पुन्हा वाचा फुटली. "ऐकलंस? तुज्या बोंबलन्यानं होतंय. चांगली आई हायेस."

गाडी परवा जाणार होती. खारघरपर्यंतचा रस्ता मी मनात मोजला. कळंबोलीचं सर्कल, मग सिग्नलमागून सिग्नल. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी डावी मूठ आवळून बसणार. त्याला गोदू माहीत पण नसणार.

५

प्लेटा फोडायचा विचार केला. चुलीत घालायचा विचार केला. पण त्या बुचावर अंगठा दाबलेला मला आठवत होता. हात धजेना.

माझ्या अंगावरचं काही ओवावं, मंगळसूत्र, केसांचा आगवळ, म्हणजे गोदू सुटेल आणि मी अडकेन, हेही सुचलं. सुचलं नाही असं म्हणणार नाही. पण मी गेले तर गोदूला ह्यांच्या हाती ठेवून जाणार का? असं मी मला समजावलं. लवकर समजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निनादसाहेबांची बायको मिताली गाडी बघायला आली. कडेवर मुलगा, शार्विल. गोरा, गुबगुबीत, मनगटाला वळ्या. टाकीवर नाव कोणत्या रंगात घालायचं ते ती ह्यांना सांगत होती. मग आमच्या खोलीत आली, पाणी प्यायली, गोदूकडे बघितलं.

"ही किती महिन्यांची?"

"अकरा."

"अय्या, शार्विलएवढीच! लहान दिसते ना पण. काय देता खायला?" मग तिला वाटलं असावं की चुकीचं बोलली. "मुली नाजूकच असतात म्हणा."

तिनं त्याचा लंगोट बदलायला घेतला. तेव्हा मला दिसला. काळा करदोटा, दुकानातला, तीन पदरी. पोटाच्या घडीत पार रुतलेला.

"ताई, घट्ट होतोय हो हा. वळ उठलाय बघा."

"हो ना, सासूबाई कधीच्या म्हणतायत बदल म्हणून. मला बांधता येत नाही."

"मी देते बांधून. माझ्याकडे नवा आहे, मीच विणते."

गोदूसाठी एक जादा विणून ठेवला होता. तो त्याला बांधला. चांगला सैल, दोन बोटं जातील एवढा. गाठ मारताना त्यानं माझा अंगठा धरला आणि तोंडात घालायला बघितला. मग कात्रीनं जुना कापला.

"हा टाकायचा नसतो ना कुठे?" मिताली म्हणाली. "काय करतात त्याचं?"

"गाढीत सोडतात. मी जाणारच आहे, सोडते."

"किती करता हो तुम्ही. थँक्यू हं, वहिनी."

६

दुपारी हे टाकीवर नाव रंगवून घ्यायला टाकी घेऊन पनवेलला गेले. मी गॅरेजचं शटर अर्धं ओढलं, गोदूला पाळण्यात ठेवलं आणि क्लच खोलायला बसले.

एकटीनं कधी खोलला नव्हता. पण इतक्या वेळा शेजारी बसलेय की हात आपोआप चालले. आधी पाय ठेवायचा दांडा काढला. खाली पत्र्याचा ट्रे सरकवला. कव्हर एकाच मोठ्या नटावर असतं, तो फिरेना. पान्याला पाइप घालून त्याच्यावर उभी राहिले तेव्हा कुरकुरला. कव्हर सुटलं, तेल ट्रेमध्ये पडलं. काळं पडायला हवं होतं. दुधाळ होतं. पाणी गेलं की तेल दुधाळ होतं, हे मला ठाऊक आहे. वास मात्र अंगावरच्या दुधाचा होता. माझा गाऊन पुढून ओला झाला.

गोदू रडायला लागली होती. मी उठले नाही.

तीन स्प्रिंगांचे नट थोडे थोडे, आळीपाळीनं सैल केले. एकच पूर्ण काढला तर झाकण तिरकं अडकतं. झाकण उचललं. आत प्लेटा एकावर एक बसलेल्या. मी आकडा घालून पहिली ओढली, ती आली नाही. पुन्हा ओढली. पाळण्यातलं रडणं एकदम चढलं.

मग आकडा ठेवला आणि बोटांनी काढल्या. हळू, कडेकडेनं, केस विंचरताना गुंता सोडवतात तशा. प्लेटा कोमट होत्या. गाडी आठवडाभरात चालू झाली नव्हती.

शेवटच्या प्लेटेखाली, प्लेटा ज्या लोखंडी भांड्यात बसतात त्या बेलच्या तळाशी, काहीतरी हललं. लहान, ओलं, आत ओढून घेतल्यासारखं. मी बॅटरी लावली नाही. नीट बघितलं असतं तर काय करायचं ते मला ठरवावं लागलं असतं. मी त्याच्यावर फडकं टाकलं आणि आधी माझं काम केलं.

आठही प्लेटा शार्विलच्या करदोट्यात ओवल्या. एक लोखंडी, एक बुचाची. क्रम चुकला नाही. वर गाठ मारली आणि नव्या तेलात सोडल्या. मग गोदूला मांडीवर घेऊन तिथंच डब्याशेजारी बसून राहिले. तासाभरानं तेलात बुडबुडे आले. एकेक, मध्ये थोडं थांबून. मग बंद झाले.

फडकं उचललं तेव्हा खाली काही नव्हतं. स्वच्छ बेल होती.

सगळं उलट्या क्रमानं बसवलं. स्प्रिंग मोजून आवळल्या, झाकण सरळ उचलतंय ते बघितलं, जुन्याच रबराला ग्रीस लावून कव्हर ठोकलं, तेल भरलं. गोदूला पाळण्यात ठेवलं, ती रडायला लागली, आणि मी लिव्हर दाबली.

गोदू रडत राहिली.

मी लिव्हर आवळून धरली होती आणि माझी पोर रडत होती, श्वास घेत होती, पुन्हा रडत होती. इतका चांगला आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

मग खारघर आठवलं आणि लिव्हर सोडली.

खात्री करायला पुन्हा एकदा दाबली. या वेळी जास्त वेळ.

७

रविवारी सकाळी निनादसाहेब आले. मागून मिताली कारनं आली, शार्विलला नवा कुर्ता, कपाळावर टिळा. ह्यांनी गाडीला हार घातला होता. गोदूनं आदल्या संध्याकाळी दोन वाट्या खिमट खाल्लं होतं. सकाळी करदोटा चाचपला तर कमरेवर बसला होता.

साहेबांनी किक मारली. तिसऱ्या किकेला इंजिन लागलं. शार्विल त्या आवाजाला टाळ्या वाजवायला लागला, मिताली हसली, हे हसले, मीही हसले.

साहेबांनी क्लच दाबला आणि गिअर शोधायला लागले.

मिताली हसायची थांबली. तिनं मुलाला स्वतःकडे वळवलं, हलवलं. त्याच्या टाळीचे दोन हात समोरासमोर थांबले होते. "शार्विल? ए शोन्या?"

गिअर सापडेना. "जुन्या गाडीचा उजव्या पायाला असतो," हे सांगत होते. "सावकाश, सायेब. घाई नाय. क्लच दाबूनच ठेवा."

मग गिअर पडला, लिव्हर सुटली, गाडी हातभर पुढे गेली आणि बंद पडली. शार्विलची टाळी वाजली. मग तो रडायला लागला.

मिताली माझ्याजवळ आली. तिचा चेहरा मला पाठ होता. आठवडाभर आरशात तोच होता.

"वहिनी, काल दुपारी पण असंच झालं हो ह्याला. दोनदा. दुसऱ्यांदा तर किती वेळ… तुमच्या हिला कधी होतं का असं?"

साहेब पुन्हा किक मारत होते. गोदू माझ्या कडेवर होती, जड. मितालीला सांगता आलं असतं. प्लेटा अजून माझ्या हातापासून चार पावलांवर होत्या.

"दात येत असतील," मी म्हणाले. "होतं असं."

इंजिन लागलं. साहेबांनी ओरडून विचारलं, "भगवान, रस्त्यात ट्रॅफिक किती असेल?"

"कलंबोलीला जाम हाय, सायेब," हे म्हणाले. "अर्धा तास तरी क्लच दाबून उबं रावं लागंल. घाबरू नका, आता मस्त सुटतोय."